गुदमरलेली मुळे

फराळाच्या ताटातले पोहे ज्या भाताचे, त्याला पाण्यात पाय बुडवून उभे राहण्याची सवय आहे. त्याच्या देठापासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या असतात. मक्याचे तसे नाही. शेतात पाणी तुंबले की चार दिवसांत मका पिवळा पडतो. मुळे कुजली, असे आपण म्हणतो. पण कुजण्याआधी ती गुदमरलेली असतात. प्राणवायू हवेत पसरतो त्याहून सुमारे १०,००० पट सावकाश तो पाण्यात पसरतो. त्याच्याअभावी साखरेच्या एका रेणूतून पेशीला जिथे ऊर्जेची ३० नाणी मिळायची, तिथे जेमतेम २ हाती लागतात. अशा वेळी आधी खर्च आवरावा लागतो. तो आवरणाऱ्यांपैकी एकाचा शोध कसा लागला, ती हकीकत मला मोठी नवलाची वाटते. कारण ती शेतात सुरू झालीच नाही.

१९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस यांना मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीत अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए सापडला. त्यापासून प्रथिन बनत नव्हते. दुसऱ्या एका जनुकाच्या आरएनएला चिकटून तो त्याचे तोंड बंद करीत होता, हे गॅरी रुव्हकुन यांच्या कामाशी ताडून पाहिल्यावर उलगडले. त्या किड्याचीच ही काही खोड असावी, म्हणून बहुतेकांनी सात वर्षे तिकडे पाहिलेही नाही! (दोघांना नोबेल मिळाले ते २०२४ साली.) २००२ मध्ये असेच सूक्ष्म आरएनए वनस्पतींत सापडले, आणि २००८ मध्ये चिनी संशोधकांनी मक्याची रोपे पाण्यात बुडवून मुळे तपासली. काही सूक्ष्म आरएनए वाढले होते, काही घटले होते. मुळांची वाढ ज्यांच्या हाती, त्या जनुकांचे लगाम त्यांतल्या काहींकडे असतात. लगाम कुठे ढिला तर कुठे घट्ट करून रोप बुडत्या मुळांवरचा खर्च टाळते, खोडाच्या बुंध्याशी नवी मुळे काढते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मात्र अशी यादी म्हणजे बियाणे नव्हे. शेतकऱ्याच्या हाती खरोखर पडले ते दुसऱ्याच वाटेने. ओडिशातल्या धालपुटिया या जुन्या भातापासून निवडलेल्या एफआर १३ए या वाणात पुराला टिकण्याचा गुण होता; त्यामागचे सब१ए हे जनुक २००६ मध्ये ओळखले गेले, आणि २००९ मध्ये ‘स्वर्णा-सब१’ भारतात प्रसारित झाला. हे रोप पूर्ण बुडाले की उंच होण्याची धडपड करीत नाही. साखर राखून ते दोनएक आठवडे निमूट राहते आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटते.