डॉ. टॉम डूली: सक्तीचा राजीनामा आणि स्वयंसेवेची वाट

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एप्रिल १९५३ मध्ये १०४५० क्रमांकाचा कार्यकारी आदेश, म्हणजे संसदेच्या मतदानावाचून अंमलात येणारा हुकूम, काढला आणि त्यातील ‘लैंगिक विकृती’ या शब्दांच्या आधारे समलिंगी स्त्री-पुरुषांना अमेरिकेच्या केंद्रीय नोकऱ्यांतून दूर करणे सोपे झाले. सैन्यदलांत असे निर्बंध त्याआधीपासूनच होते. परदेशी स्वयंसेवेच्या आधुनिक कल्पनेला ज्यांच्यामुळे लोकप्रियता लाभली, त्या डॉ. थॉमस डूली यांच्या आयुष्याची दिशा याच बहिष्काराने ठरवली.

सेंट लुईसच्या सधन कॅथलिक घराण्यात १९२७ साली जन्मलेले डूली नौदलात डॉक्टर होते. व्हिएतनामच्या फाळणीनंतर दक्षिणेकडे निघालेल्या निर्वासितांवर त्यांनी हायफाँगच्या छावण्यांत उपचार केले आणि त्या अनुभवावरील १९५६ मधील पुस्तकाने ते घरोघरी पोहोचले. मात्र याच काळात व्याख्यानांसाठी देशभर हिंडणाऱ्या या तरुणावर नौदलाच्या गुप्तचरांची पाळत होती, आणि समलिंगी संबंधांच्या कारणावरून त्यांना राजीनामा देणे भाग पडले. खरे कारण जनतेपासून लपवण्यात आले.

त्याच वर्षी डूली लाओसमध्ये दाखल झाले. निर्वासितांना साहाय्य करणाऱ्या ‘इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी’ या खासगी संस्थेच्या आश्रयाने, नौदलातील मोजक्या जुन्या सहकाऱ्यांना घेऊन, त्यांनी आधी व्हांग व्हिएंग, मग नाम था आणि पुढे चीनच्या सीमेजवळील मुआंग सिंग येथे दवाखाने चालवले. डॉ. पीटर कोमांडुरास यांच्यासह त्यांनी उभारलेल्या ‘मेडिको’ या संस्थेचे सूत्र साधे होते: लहान दवाखाना उघडावा, स्थानिक माणसांना तयार करावे आणि शेवटी सारे यजमान देशाच्या हाती सोपवावे. पैसा पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि देणग्यांतून येई. लाओसमध्ये ध्वनिमुद्रित केलेली त्यांची भाषणे सेंट लुईसच्या रेडिओवरून ऐकवली जात.

डूली यांना संत ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. साम्यवाद्यांच्या अत्याचारांची त्यांनी लिहिलेली वर्णने पुढे अविश्वसनीय ठरली आणि अमेरिकी गुप्तचर यंत्रणेला ते माहिती पुरवीत, हेही उघड झाले. तरीही ज्या डोंगरी वस्त्यांत डॉक्टर पोहोचलाच नव्हता, तेथील रुग्णांसाठी त्यांनी केलेले काम खरे होते. ज्या राज्ययंत्रणेने त्यांना अपात्र ठरवले, तिलाच त्यांची कीर्ती हवी होती, आणि ही कीर्ती हेच त्यांचे एकमेव संरक्षण होते, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी यांनी २ नोव्हेंबर १९६० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील प्रचारभाषणात नव्या स्वयंसेवक दलाची कल्पना मांडताना डूली यांचे उदाहरण दिले. कर्करोगाने ग्रासलेले डूली १८ जानेवारी १९६१ रोजी, चौतीस वर्षे पुरी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वारले. त्यानंतर १ मार्चला ‘पीस कोअर’, म्हणजे साधारण दोन वर्षांसाठी स्वयंसेवक परदेशी पाठवणारी सरकारी संस्था, स्थापन झाली, तीही कार्यकारी आदेशानेच. मात्र तिच्या उमेदवारांच्या पूर्वचारित्र्याची चौकशी आणि मानसिक तपासणी होत असे, तीही समलैंगिकता हा आजार मानला जाण्याच्या काळात. त्यामुळे डूली यांच्यासारख्या पुरुषांना आपले आयुष्य झाकूनच सेवेत यावे लागे.

नागरी सेवा आयोगाने सरकारी नोकरीतील ही बंदी १९७५ मध्ये मागे घेतली. समलिंगी जोडप्यांना पीस कोअरमध्ये एकत्र नेमणूक मिळू लागली ती मात्र जून २०१३ पासून, आणि तीही समलिंगी संबंधांना गुन्हा न मानणाऱ्या देशांपुरतीच.