मातेरा : दक्षिण इटलीतील गुहाघरांचे शहर

मातेरा हे दक्षिण इटलीच्या बाझिलिकाता प्रदेशातील प्राचीन शहर आहे. चुनखडीच्या मऊ खडकात कोरलेल्या येथील घरांच्या वस्तीला ‘सास्सी’ म्हणतात. अनेक घरांत एकाच खोलीत माणसे, खेचर आणि कोंबड्या राहत. कार्लो लेव्ही यांच्या १९४५ सालच्या पुस्तकामुळे हे दारिद्र्य देशासमोर आले. १९५२ च्या कायद्यानंतर सुमारे १५,००० रहिवाशांना नव्या वसाहतींत हलवण्यात आले. १९९३ मध्ये सास्सीचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

आता काही गुहांमध्ये हॉटेले आहेत आणि पर्यटक जोडपी तिथे हौसेने मुक्काम करतात. गाइडसोबतच्या फेरीत जुन्या सामानासह जपलेले गुहाघरही पाहता येते. पलंगाजवळच खेचराची जागा दिसली, की ही वस्ती का रिकामी केली ते समजते.