मॅट्रिक ते दहावी : आपल्या घरांनी दिलेली परीक्षा

दहावीचा निकाल लागला की पुढच्या रविवारी आपल्या विहारात पास झालेल्या मुलामुलींचा गुणगौरव होतो. एक वही, एक पेन, फुलांचा गुच्छ आणि फोटो. माईकवरून प्रत्येकाचे टक्के सांगितले जातात, टाळ्या पडतात. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे कार्यकर्त्यांनी सांगितले तेव्हा मला वाटले, या टक्क्यांच्या मागचा इतिहास लिहावा. कारण ही परीक्षा आपल्या समाजात एकट्या पोराने कधीच दिलेली नाही. ती अख्ख्या घराने दिलेली आहे. पण माईकवर नाव एकट्याचेच येते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८५९ साली मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली आणि त्यात न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी मंडळी पास झाली. त्याच्या तीनच वर्षे आधी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला होता. त्याला नकार मिळाला. त्या मुलाने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने कबूल केले की न्याय मुलाच्या बाजूने आहे, पण एकट्यासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, म्हणून प्रवेश देता येणार नाही. म्हणजे इकडे मॅट्रिकची तयारी चालली होती आणि आपल्या मुलाला शाळेचा उंबरठाही बंद होता. आपली आणि त्यांची शर्यत एका रेषेवरून सुरू झालेली नाही, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. रडण्यासाठी नाही, हिशेब माहीत असावा म्हणून.

महात्मा फुल्यांनी १८५५ साली पुण्यात रात्रीची शाळा काढली, दिवसा राबणाऱ्या माणसांसाठी. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी सांगितले की सरकारचा महसूल कष्टकरी शेतकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या मुलांवर होतो.

आता बाबासाहेबांचे मॅट्रिक. एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले, हे आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पण ते कसे झाले, याकडे बारकाईने बघायला हवे. परळची डबक चाळ, एक खोली. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच सरपण, तिथेच सगळ्यांचे झोपणे. सुभेदार रामजीबाबा मुलाला संध्याकाळी लवकर झोपवत आणि स्वतः जागे राहत. रात्री दोन वाजता मुलाला उठवायचे, दिव्याजवळ बसवायचे, मग आपण त्याच्या जागेवर झोपायचे. घड्याळाचा गजर नव्हता, बाप हाच गजर. पुस्तकांना पैसे कमी पडले की रामजीबाबा मुलींच्या घरी जात. लग्न झालेल्या मुली. एकीकडे पैसे नसले की दुसरीकडे, आणि तिच्याकडेही नसले की तिचा दागिना घेऊन गहाण टाकायचा. पेन्शन आली की सोडवून आणायचा. पुस्तक आले भिवाचे, पण दागिना गेला बहिणीचा.

मुलाला संस्कृत घ्यायचे होते, शिकवायला नकार मिळाला म्हणून फारसी घ्यावे लागले. मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळाले. म्हणजे शेकडा सदतीसच्या आसपास. मुलाला साठ टक्के पडले म्हणून त्याच्याशी दोन दिवस न बोलणारे पालक आपल्या वस्तीत मी बघितले आहेत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली हा अबोला. त्यांनी हा आकडा वाचावा.

मॅट्रिक झाल्यावर सत्काराची सभा झाली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले, असे चरित्रात आहे. पण ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली जी प्रस्तावना लिहिली, त्यात ते स्वतः सांगतात की इंग्रजी चौथी पास झाल्यावर वस्तीतल्या लोकांनी ही सभा ठरवली आणि दादा केळुसकर अध्यक्ष होते. ही प्रस्तावना त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. मला विचाराल तर मी बाबासाहेबांचेच खरे मानीन. एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. पोरगं परीक्षा पास झालं म्हणून साध्या माणसांनी सभा भरवली, आणि त्या सभेत बुद्ध आपल्याकडे आला. आपला हा विहार उभा आहे त्याचे एक मूळ त्या सभेत आहे.

पुढे १९२७ साली मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी आकडे मांडले. प्राथमिक शाळेत शंभर मुले जातात त्यातली अठराच चौथीपर्यंत पोचतात. माध्यमिक शाळेत पुढारलेल्या हिंदूंची लाखात तीन हजार मुले, आणि मागासवर्गीयांची लाखात चौदा. चौदा! ही गळती पहिलीपासूनच चालू होती. म्हणून बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले. मुलगा हुशार असून भागत नाही, त्याला बसायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे त्यांना स्वतःच्या खोलीवरून माहीत होते.

केंद्र सरकारची अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. ती शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या पुढची. त्यामुळे मॅट्रिक हाच दरवाजा झाला. आत गेला तो कॉलेजात, नोकरीत गेला. बाहेर राहिला तो गिरणीत, गोदीत, सफाई खात्यात. आपल्या आयाबाया ‘मॅट्रिक’ हा शब्द एवढ्या आदराने उच्चारत, त्याचे कारण हे आहे.

स्वातंत्र्यानंतर ही परीक्षा विद्यापीठाकडून बोर्डाकडे आली. आजचे राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाले. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची आली. लोक मात्र कितीतरी वर्षे मॅट्रिकच म्हणत राहिले.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. संपाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कामगार मोजले, गिरण्या मोजल्या. त्या दोन वर्षांत गिरणगावातली किती मुले दहावीच्या आधी शाळेतून उठली, हे कोणी मोजले नाही. मी १९८३ च्या मार्चमध्ये दहावीला बसलो. वडील संपावर. माझी थोरली बहीण आठवीतून शाळा सोडून घरी उदबत्त्या वळत होती, तिने माझी परीक्षा फी भरली. मी गणित आणि इंग्रजीत नापास झालो. ती काही बोलली नाही, पुन्हा फॉर्म भर एवढंच म्हणाली. पुढे गिरणीत बदली म्हणून लागल्यावर रात्रशाळेत जाऊन मी ते दोन विषय सोडवले. तिने मात्र दहावीचा पेपर कधी बघितला नाही. रामजीबाबांच्या मुलींची दागिन्याची हकीगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून गप्प बसलो.

नंतरच्या काळात वस्तीवस्तीतल्या विहारांत अभ्यासिका झाल्या. एक ट्यूबलाइट, सतरंजी, कोणी दिलेले जुने नवनीत आणि एकवीस अपेक्षित. पोस्टात, बँकेत, महापालिकेत लागलेली आपलीच माणसे ड्यूटीवरून येऊन गणित शिकवायची. फी नाही. या लोकांची नावे कुठे लिहिलेली नाहीत, पण त्यांनी काढलेली मुले आज ठिकठिकाणी आहेत.

आता काळ बदलला. कोरोनामुळे २०२१ साली परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर ९९.९५ टक्के मुले पास झाली. एरवीही नव्वदच्या वर निकाल लागतो. म्हणजे पास होणे हा दरवाजा राहिला नाही. दरवाजा पुढे सरकला आहे. पस्तीस गुणांवर गणित सुटलेले पोर डिप्लोमाला जाते आणि पहिल्या वर्षातच अडते. क्लासला हजारो रुपये भरून आपले काम झाले असे पालकांना वाटते. मुलाला नववीचे अपूर्णांक येतात का, हे रोज अर्धा तास जवळ बसून बघितले तर कळेल. रामजीबाबा क्लास लावू शकत नव्हते, ते जागे राहत होते.

दुसरी तयारी कागदांची. जातीचा दाखला, मग जात वैधता प्रमाणपत्र. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला आणा म्हणतात. ज्या आजोबांना शाळेने आत घेतले नाही, त्यांचा दाखला शोधत नातू गावोगाव फिरतो! त्यात कुणाच्या दाखल्यावर महार, कुणाच्या बौद्ध, नावाचे स्पेलिंग तीन तऱ्हेचे. हे काम निकालानंतर होत नाही. नववीच्या सुट्टीत आजोबांच्या गावी जा, गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, महसुली नोंदी बघा, नकला काढा.

आणि एक गोष्ट आपल्याच माणसांना. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि त्याच दिवसांत जयंतीची तयारी सुरू होते. वर्गणी, ढोलाचा सराव, रात्री अकरापर्यंत स्पीकर. दहावीचीच पोरं झेंडे लावायला पुढे असतात, कारण ती अंगाने तयार झालेली असतात आणि नाही म्हणत नाहीत. मुलीचे तर विचारूच नका. पेपरच्या सकाळीही नळावर तिलाच उभे करतात. मी हे समितीच्या बैठकीत बोललो तेव्हा दोघेतिघे चिडले. जयंतीला विरोध करता का, म्हणाले. विरोध नाही. शेवटचा पेपर होईपर्यंत ढोल विहारात कुलूपबंद ठेवावा आणि अभ्यासिका रात्री बारापर्यंत उघडी ठेवावी, एवढीच माझी सूचना आहे. पुढच्या बैठकीत ती पुन्हा मांडणार आहे. अभ्यासिकेची किल्ली कोणी ठेवायची हा प्रश्न निघाला, तर मी ठेवायला तयार आहे. रात्रपाळीची सवय आहे.