नळाच्या पाण्यातील औद्योगिक रसायनांची तपासणी : डोंगरकडा

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील डोंगरकडा हे गाव नांदेड–हिंगोली मार्गावर असून त्याखाली दख्खनचा काळा पाषाण (बेसॉल्ट) पसरलेला आहे. या खडकात पाणी भेगांत व मुरमाड थरांत साठत असल्याने एका विहिरीचा निष्कर्ष शेजारच्या कूपनलिकेला लागू पडेलच असे नसते. परिसरात साखर कारखाना असून केळी, ऊस व हळद ही बागायती पिके घेतली जातात. त्यामुळे तपासणीत साखर कारखान्याच्या सांडपाण्याबरोबरच रासायनिक कारखान्यांत तयार होऊन शेतात वापरल्या जाणाऱ्या खते-कीटकनाशकांच्या झिरप्याचाही विचार अगत्याचा ठरतो.

मर्यादा : पेयजलाच्या ‘आयएस 10500 : 2012’ या भारतीय मानकानुसार प्रतिलिटर शिसे 0.01, कॅडमियम 0.003, पारा 0.001 व नायट्रेट 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. उसात वापरल्या जाणाऱ्या ॲट्राझिन या तणनाशकासाठी ही मर्यादा 2 मायक्रोग्रॅम आहे.

नमुना : तपासणीची विश्वासार्हता यंत्राआधी बाटलीवर ठरते, आणि नेमक्या याच टप्प्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. धातूंसाठी आम्लाने धुतलेली प्लॅस्टिकची बाटली वापरून नमुन्यात शुद्ध नायट्रिक आम्ल घालतात व सामू (आम्लता दर्शविणारा अंक) 2 च्या खाली आणतात. तसे न केल्यास धातूचा काही अंश बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि दूषित पाणीही अहवालात निर्दोष दिसते. कीटकनाशकांसाठी तपकिरी काचेची बाटली लागते, ती नमुन्याच्या पाण्याने विसळत नाहीत, आणि पाण्यात क्लोरीन असल्यास तो सोडियम थायोसल्फेटने निष्प्रभ करून नमुना बर्फात, उन्हापासून दूर ठेवून पाठवतात. घरातील नळ-जोडण्यांमधून शिसे उतरते का हे पाहायचे असल्यास रात्रभर साचलेले पहिले पाणी धरतात. मूळ स्रोत तपासायचा असल्यास मात्र नळ काही मिनिटे वाहू देऊन मगच बाटली भरतात.

यंत्रणा : गावपातळीवर नमुने घेण्याचे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे असते. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच (फील्ड टेस्ट किट) हाताळण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. या संचाने सामू, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट व उर्वरित क्लोरीन यांचा अंदाज येतो. कीटकनाशकांचे अंश, पारा किंवा कॅडमियम त्यात दिसत नाहीत. त्यासाठी धातू मोजणारा अणुशोषण वर्णपटमापक, कीटकनाशके ओळखणारे वायुवर्णलेखन यंत्र अशी उपकरणे असलेली प्रयोगशाळा लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळांत नमुना देताना हवे ते घटक स्पष्टपणे नोंदवून ती तपासणी तेथे होते का, हे विचारून घ्यावे. ‘पिण्यास योग्य’ हा शेरा तपासलेल्या घटकांपुरताच असतो. न तपासलेल्या घटकाविषयी तो काहीच सांगत नाही. अहवालात ‘आढळले नाही’ असे असल्यास पद्धतीची शोधमर्यादा, म्हणजे ती ओळखू शकते ते किमान प्रमाण, मानकातील मर्यादेपेक्षा कमी आहे ना, हे पाहणे आवश्यक असते.

घरगुती उपाय : उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट, फ्लोराइड व धातू जात नाहीत.