अंजनवेलचे ऊन आणि सौरघटाची नाडीपरीक्षा

वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेले अंजनवेल इतिहासप्रेमींना गोपाळगडामुळे ठाऊक असते, इतरांना एन्रॉनमुळे. तेथील दाभोळ वीजप्रकल्पाचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला आणि दराच्या वादात २००१ मध्ये बंद पडला. डोक्यावरचे ऊन मात्र फुकटच होते. ते टिपू पाहणाऱ्या एका पदार्थाची ही कथा.

१८३९ हे साल विलक्षण आहे. त्या वर्षी गुस्टाव्ह रोझ याने उरल पर्वतातील एका खनिजाला लेव्ह पेरोव्स्की या रशियन खनिजसंग्राहकाचे नाव दिले. त्याच वर्षी एदमाँ बेकरेल याला प्रकाशामुळे विद्युतप्रवाह निर्माण होताना दिसला. हे दोन धागे जुळायला २००९ उजाडावे लागले. जपानमध्ये त्सुतोमू मियासाका आणि सहकाऱ्यांनी त्या खनिजासारखीच स्फटिकरचना असलेल्या संयुगांचा सौरघट केला. त्याची कार्यक्षमता होती ३.८ टक्के, दहा वर्षांत तीच पंचवीसच्या पुढे गेली.

परंतु हा आकडा विश्वासार्ह होता का? व्होल्टेज चढवीत मोजले तर एक उत्तर येई, उतरवीत मोजले तर दुसरे. पदार्थातील आयन मोजणी चालू असतानाच जागा बदलत होते.

मग संशोधकांनी जुनी वाट धरली. घट एका स्थितीत स्थिरावू द्यायचा आणि त्याला काही मिलिव्होल्टांचाच हेलकावा द्यायचा. इतका हलका, की मूळ स्थिती ढळू नये. वैद्य नाडीवर बोट ठेवतो, तसेच हे. प्रतिसाद किती आणि किती उशिरा येतो, यावरून आतले व्यवहार वेगळे काढता येतात: जलद हेलकाव्यांना इलेक्ट्रॉन साथ देतात, सेकंदोगणती चालणाऱ्या संथ हेलकाव्यांत आयनांची चाल उमटते. या मोजणीतील 'इम्पिडन्स' हा शब्द ऑलिव्हर हेविसाइडने १८८६ मध्ये, तारायंत्राच्या काळात घडवला. कधी व्होल्टेजऐवजी प्रकाशच किंचित कमीजास्त करतात.

तरीही अर्थ लावताना चूक झालीच. संथ हेलकाव्यांत धारिता प्रचंड दिसली, तेव्हा २०१४ मध्ये तो पदार्थाचाच अद्भुत गुण मानला गेला. पुढे २०१९ च्या सुमारास उलगडले, की आयन थरांच्या सीमेवरील प्रवाह कमीजास्त करतात आणि धारितेचा भास होतो. साधन तेच, वाचन निराळे; बखरी वाचणाऱ्यांना हे नवे नाही.

महाराष्ट्रात हे काम पवईच्या आयआयटीत चालते. तेथे २०१० पासून राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्र असून, दिनेश काबरा यांचा गट सिलिकॉनच्या जोडीला पेरोव्हस्काइट वापरणारे घट घडवतो. ओलावा हा या पदार्थाचा जुना वैरी, आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्याला तोटा नाही. सिलिकॉनच्या पाट्यांना पंचवीस वर्षांची हमी मिळते. पेरोव्हस्काइट सौरघटाचे वयच अजून तेवढे झालेले नाही.