साहब बेगमची किटी झाली तेव्हा

रमजान ईदनंतर माझी कॉलेजात जाणारी भाची चार दिवस राहायला आली होती. शिरखुर्म्याची वाटी एका हातात आणि मोबाईल दुसऱ्या हातात. ती ‘ब्रिजर्टन’ ही इंग्रजी मालिका बघत होती. मध्येच तिनं विचारलं, "खाला, इंग्लंडची ही राणी खरंच काळी होती का?"

प्रश्न साधा होता, पण त्याच्यावर जगभर वाद झाला आहे. ज्युलिया क्विन यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेली ही मालिका २५ डिसेंबर २०२० रोजी आली. तिचं पहिलं पर्व १८१३ च्या लंडनमध्ये घडतं. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आजारी असल्यामुळे १८११ ते १८२० या काळात युवराज राज्यकारभार पाहत होता. त्या काळाला ‘रीजन्सी’ म्हणतात. मालिकेत राणी शार्लट काळी आहे, नायक ड्यूक काळा आहे आणि दुसऱ्या पर्वाची नायिका केट शर्मा तर थेट हिंदुस्थानातून आलेली आहे. काहींना हे इतिहासाचं विकृतीकरण वाटलं, काहींना न्याय वाटला. आपल्याकडच्या प्रेक्षकांचा वाद निराळाच होता. शर्मा घराण्यात वडिलांना ‘अप्पा’ म्हणतात, धाकटी बहीण थोरलीला ‘दीदी’ आणि थोरली धाकटीला बंगाली ‘बोन’ म्हणते, तर हे घराणं नेमकं कुठलं? पहिल्या पर्वात, नवऱ्याची इच्छा नसताना बायको त्याच्याकडून मूल मिळवू पाहते, त्या प्रसंगावरून संमतीचा वादही पेटला.

मी भाचीला सांगितलं की शार्लटच्या पूर्वजांत कुणी आफ्रिकी वंशाचं होतं, असं काही अभ्यासक म्हणतात, पण बहुतेक इतिहासकारांना ते पटलेलं नाही. आणि तिला उलट विचारलं, "त्याच वर्षी आपल्या पुण्यात काय चाललं होतं, ठाऊक आहे?"

१८१३ मध्ये शनिवारवाड्याच्या गादीवर दुसरा बाजीराव होता आणि मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी होती. तिथे एल्फिन्स्टन वकील म्हणून राहत होता. पुढे नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या वेळी ही रेसिडेन्सी जळाली. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि त्याच वर्षी राणी शार्लटही वारली. या संगमावरच्या बंगल्यात एल्फिन्स्टनच्या आधी जे वकील होऊन गेले, त्यांच्या घरांत ‘ब्रिजर्टन’ला शोभतील अशा कहाण्या घडल्या आहेत. मात्र त्यांचा शेवट मालिकेसारखा झालेला नाही.

पहिला वकील चार्ल्स मॅलेट. १७८६ ते १७९७ तो पुण्यात होता. सवाई माधवरावांच्या दरबारात मॅलेट बसल्याचं मोठं चित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. ते जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं रंगवलं. याच वेल्सनं मॅलेटच्या घरातल्या बिबी अंबर कौर यांचंही चित्र काढलं होतं. त्यांना मॅलेटपासून मुलं झाली होती. मॅलेट विलायतेला परतला आणि १७९९ मध्ये त्यानं लग्न केलं, ते याच चित्रकाराची मुलगी सुझाना हिच्याशी. बापानं जिचं चित्र काढलं तिच्या जागी लेक ‘लेडी मॅलेट’ झाली. असा प्रसंग मालिकेत दाखवला तर लोक म्हणतील, लेखकानं जरा अतीच केलं.

दुसरा वकील विल्यम पामर. हे नाव पुण्यातल्या इतिहासाच्या प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणवीस वारले, तेव्हा मराठी राज्यातलं शहाणपण त्यांच्याबरोबर गेलं, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं होतं. आपण ते वर्गात सांगतो. पण हे लिहिणाऱ्या पामरच्या घरात फैज बख्श नावाच्या बेगम होत्या, हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत कुणी सांगितलं नाही. उत्तरेतल्या खानदानी मुस्लिम घरातल्या या बाईंचा आणि पामरचा संसार पस्तीस वर्षांहून अधिक टिकला. १७८५ च्या सुमारास काढलेलं या कुटुंबाचं एक अपुरं राहिलेलं चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पामर खुर्चीवर, शेजारी जमिनीवर बसलेल्या फैज, त्यांच्या मांडीवर तान्हं बाळ आणि भोवती घरातली माणसं. चित्रात कुणाला संकोच वाटतोय असं दिसत नाही.

गव्हर्नर जनरल वेलस्लीनं १८०१ मध्ये पामरला पुण्यातून हलवलं. पामर कुटुंब हैदराबादमार्गे कोलकात्याला निघालं. हैदराबादेत फैज बेगमांची मैत्री जिच्याशी झाली, तिची कहाणी विल्यम डॅलरिंपल यांनी ‘व्हाइट मुघल्स’ या २००२ च्या पुस्तकात सविस्तर सांगितली आहे.

तिचं नाव खैरुन्निसा. हैदराबादच्या दरबारी सय्यद घराण्यातली मुलगी. घरच्यांनी दुसरीकडे मंगनी ठरवली असताना ती इंग्रज वकील जेम्स कर्कपॅट्रिकमध्ये गुंतली. ही ओढ एकतर्फी नव्हती आणि तिच्या आईची व आजीचीही तिला साथ होती, असं डॅलरिंपल दाखवतात. कर्कपॅट्रिकनं इस्लाम कबूल करून तिच्याशी निकाह केला. १८०१ मध्ये मुलगा झाला, १८०२ मध्ये मुलगी. मुलाचं नाव साहब आलम, मुलीचं साहब बेगम. वेलस्लीनं या प्रकरणाची चौकशी लावली. कर्कपॅट्रिकची नोकरी वाचली, पण वरिष्ठांची मर्जी गेली.

इथे त्या काळचा एक नियम लक्षात घ्यायला हवा. आई हिंदुस्थानी असलेल्या मुलाला कंपनीच्या मुलकी किंवा लष्करी नोकरीत वरची जागा द्यायची नाही, असं १७९१ मध्ये ठरलं होतं. १७९५ मध्ये बंधनं आणखी कडक झाली. त्यानंतर अशा मुलाला लष्करात बाजा वाजवण्यासारखीच कामं उरली. प्रेमाला कुणी बंदी घातली नव्हती. त्या प्रेमातून जन्मलेल्या मुलांचं भविष्य मात्र कायद्यानं बंद केलं होतं. म्हणून ज्यांना परवडत होतं ते बाप मुलांना लहानपणीच विलायतेला पाठवत.

१८०५ मध्ये साहब आलम आणि साहब बेगम जहाजात बसले. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीनची. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाप कोलकात्यात वारला. पुढच्या मार्चमध्ये लंडनमध्ये मुलांचा बाप्तिस्मा झाला. साहब आलमचा विल्यम जॉर्ज झाला आणि साहब बेगमची कॅथरिन ऑरोरा. सगळे तिला किटी म्हणू लागले. खैरुन्निसा नवऱ्याच्या कबरीसाठी कोलकात्यापर्यंत गेली, तिथे फैज बेगमांनी तिला आधार दिला. पण मुलं तिला पुन्हा दिसली नाहीत. ती वारली सप्टेंबर १८१३ मध्ये, वय जेमतेम सत्तावीस.

साल वाचून भाची गप्प झाली. ज्या १८१३ मध्ये मालिकेतले नाच-गाणे चालू आहेत, त्याच वर्षी एक अकरा वर्षांची अर्धी हैदराबादी मुलगी खरोखरच इंग्लंडमध्ये वाढत होती आणि इथे तिची आई जग सोडून जात होती. किटीला आजीचा, शरफुन्निसा बेगमचा, ठाव लागला तो थेट १८४१ मध्ये. हैदराबादहून आजी फारसीत पत्रं लिहवून घेई, नात इंग्रजीत उत्तर देई. दोघींना जोडायला मध्ये दुभाष्या लागे. १८४७ मध्ये आजी वारली. भेट झालीच नाही.

पुणेकरांना ही गोष्ट परकी वाटायला नको. मस्तानीच्या मुलाचं नाव आधी कृष्णराव होतं. मुंज करायला ब्रह्मवृंद तयार झाला नाही, तेव्हा तो समशेर बहादूर म्हणून वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढून कामी आला. साहब बेगमची किटी झाली, कृष्णरावाचा समशेर झाला. ज्या घरानं दार उघडलं, त्या घराचं नाव मुलाला लागलं. ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपट २०१५ मध्ये आला, तेव्हा पुण्यात आंदोलनं झाली ती मुख्यतः काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचल्या म्हणून. मस्तानीच्या मुलाचं काय झालं, यावर कुणी घोषणा दिल्याचं मला आठवत नाही.

आपणही काही वेगळे नाही. खैरुन्निसाची गोष्ट मी एकदा नातेवाइकांत सांगितली. एक जण खूश झाले, "बघा, गोऱ्या साहेबानं कलमा पढला!" दुसरे नाराज झाले, "आपल्या सय्यदजादीनं असं करायला नको होतं." एकानं तिला विजयाचं निशाण केलं, दुसऱ्यानं बदनामीचं. तिची मुलं गेली, हे दोघांपैकी कुणाच्याच तोंडी आलं नाही. आज दोन धर्मांतल्या लग्नाची बातमी आली की टीव्हीवर आणि कट्ट्यावर हेच होतं. मुलगी कुणाची जिंकली, कुणाची हरली, एवढाच हिशेब.

म्हणून राणी काळी होती की गोरी, हा वाद मला धाकटा वाटतो. मालिका लग्नाच्या मिठाईवर संपते. इतिहासाचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो: मूल कुणाच्या नावानं वाढलं आणि आईचं नाव कुठे गेलं?

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर त्यांच्या नावापुढे आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं लिहिलं जातं. ही मुलं शाळेत येतील तेव्हा मी अजून नोकरीत असेन. त्यांचं पूर्ण नाव हजेरीपटावर लिहिताना खैरुन्निसाची आठवण येईल. भाचीनं जाताना एवढंच विचारलं, "खाला, किटीला मरेपर्यंत कुणी साहब बेगम म्हटलं असेल का?" मी म्हटलं, आजीनं पत्रांतून नक्कीच लाडानं हाक मारली असेल. कोणत्या नावानं, ते मी छातीठोकपणे सांगितलं नाही. पण आपण तरी तिला त्याच नावानं ओळखू या.