चांद्याचा परकोट

नागभीडहून दक्षिणेस जाणारी आगगाडी चांदा फोर्ट नावाच्या स्थानकावर थांबते, आणि त्या नावात गोंड राजांच्या राजधानीची स्मृती आजही जिवंत आहे. इरई व झरपट या नद्यांच्या दुआबात वसलेल्या चांद्याने नगररक्षणाचे कार्य परकोटावर सोपविले. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाहाने त्याचा पाया घातला, असे परंपरा सांगते. जटपुरा, अचलेश्वर, बिनबा व पठाणपुरा हे चार दरवाजे आणि बगड, हनुमान, विठोबा, चोर व मसण या पाच खिडक्या यांवाटे रयतेची ये-जा चाले. या दरवाजांवर हत्तीला नमविणारा सिंह कोरलेला आहे. त्याच्या पंजांतील आवेश शिलेतही ओसरलेला नाही. इ. स. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी तट फोडला, किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. तथापि त्या दरवाजांतून नगराची रहदारी अद्याप चालू आहे. म्हणूनच या वास्तूचे जतन हे आपले कर्तव्य होय.